क्यांगोलो दवाखान्यातील मेजवानीबाबत खुलासा

प्रति,
मा. मुख्य अधिकारी (आरोग्य सेवा),
इतुमोनी काउंटी सरकार,
काउंटी मुख्यालय, इतुमोनी, केनिया.

अर्जदार : श्रीमती कासिवा किथोमे, अध्यक्ष, दवाखाना समिती, मु. क्यांगोलो टेकडी.

विषय : क्यांगोलो दवाखान्यात रुग्ण नसल्याच्या अहवालाबाबत खुलासा, परिचारिकेची बदली रद्द करणे व दवाखान्यातून सिमेंट हलवण्याबाबत.

संदर्भ : १) काउंटीच्या सभेत ‘नित्याचे विषय’ या सदराखाली एकत्र मंजूर झालेले तीन ठराव.
२) परिचारिका श्रीमती म्वेंदे यांच्या बदलीचा आदेश.
३) आपल्या कार्यालयातून फोनवर मिळालेली “लेखी द्या” ही सूचना.

महोदय,

उपरोक्त विषयास अनुसरून अर्जदार आपणांस सविनय कळवते की :

१. अर्जदार ही क्यांगोलो टेकडीची कायम रहिवासी आहे. दवाखान्याची जागा तिच्या दिवंगत पतीने दिली, विटा टेकडीवरच्या बायकांनी डोक्यावरून वाहिल्या, पत्रा आणि परिचारिका काउंटीने दिली. त्याबद्दल आम्ही आपले उपकार मानले आहेत आणि आजही मानतो. दवाखाना नव्हता तेव्हा अडलेल्या बाईला भाड्याच्या मोटारसायकलवर बसवून नदीपलीकडच्या रुग्णालयात न्यावे लागे. अर्जदाराची सून काविन्या हिचे पहिले मूल त्याच वाटेवर, नदीच्या वाळूत मोटारसायकल आडवी करून जन्माला आले आणि तिथेच गेले. त्या मुलाबद्दल आता काही मागणे नाही. काविन्याला सध्या नववा महिना सरत आला आहे, एवढेच या ठिकाणी नमूद करते.

२. कर्मचारी व इमारतींच्या वापराची पाहणी करण्यासाठी काउंटीचे अधिकारी येणार असल्याचे पत्र समितीस मिळाले, तेव्हा समितीची तातडीची बैठक घेण्यात आली. पाहणीला येणारा माणूस आधी पाहुणा आणि मग अधिकारी, यावर बैठकीत कुणाचेही दुमत झाले नाही. आमच्या टेकडीवर पाहुण्यापुढे घरातले आजारपण मांडत नाहीत. सोयरीक जुळवायला माणसे आली तरी खोकणाऱ्या म्हाताऱ्याला मागच्या अंगणात नेऊन बसवतात आणि दारात आलेल्याला उपाशी जाऊ देत नाहीत. तेव्हा दवाखाना झाडून-पुसून, शेण-मातीने अंगण सारवून, रुग्णांना दिवसभरासाठी हलवावे असा ठराव एकमताने संमत झाला. या ठरावाचा आज आम्हांस अतिशय पश्चात्ताप होत आहे.

३. ठरावाची अंमलबजावणी मात्र चोख झाली. काउंटीचे काम असे चोख झाले असते तर हा अर्ज लिहावा लागला नसता, पण तो मुद्दा अलाहिदा. क्षयाचे औषध घेणारे न्झिओका आजोबा यांना मधाची बाटली देऊन गोरखचिंचेच्या झाडापलीकडे बसवण्यात आले आणि गाडी जाईपर्यंत खोकायचे नाही अशी ताकीद देण्यात आली. त्यांनी ती पाळली, त्यात त्यांचा जीव जायची वेळ आली होती. तापाने फणफणलेल्या पोरांना शाळेत बसवले, त्याबद्दल मुख्याध्यापकांनी अर्जदाराशी अद्याप अबोला धरला आहे. पोटुशा बायका अर्जदाराच्या स्वयंपाकघरात होत्या. त्यांना मुथोकोईसाठी मक्याचे दाणे सोलायला दिले होते आणि हसू नका म्हणून सांगितले होते, कारण त्या एकत्र आल्या की टेकडीच्या पायथ्यापर्यंत ऐकू जाते. त्या दिवशी सिस्टर म्वेंदे हजर असत्या तर त्यांनी आमचे कान उपटले असते. परंतु त्यांना आपल्याच कार्यालयाने त्याच दिवशी प्रशिक्षणासाठी मुख्यालयात बोलावले होते. संध्याकाळी परत आल्यावर त्या पायरीवर मटकन बसल्या आणि “अहो काकू, ते दवाखाना बघायला आले होते, नवरी बघायला नाही!” असे म्हणून रडल्या.

४. सदर पाहणी अहवालात आमच्या दवाखान्याविरुद्ध ज्या बाबी नोंदल्या आहेत, त्या सर्व खऱ्या आहेत. खुलासा पुढीलप्रमाणे. तान्ह्या बाळांच्या वजनकाट्यावर मटण आढळले, हे खरे. पाहुण्यांना सारखे वाटे मिळावेत, कुणाला कमी-जास्त होऊन मन दुखू नये म्हणून काटा वापरला, आणि नंतर तो उकळत्या पाण्याने धुतला. लसीच्या फ्रिजमध्ये सोड्याच्या बाटल्या होत्या, हेही खरे. लस संपून बरेच दिवस झाले होते आणि मागणी आपल्याकडे पडून होती. फ्रिज रिकामा दाखवणे म्हणजे काउंटीचे उणे काउंटीच्याच माणसांना दाखवणे, ते बरे दिसले नसते. बाळंतपणाच्या खाटेवर फुलाफुलांची चादर घालून अधिकाऱ्यांना बसवले होते, कारण टेकडीवर गादी असलेली तेवढी एकच जागा आहे. आलेल्यांपैकी ज्येष्ठ अधिकारी तिच्यावर टेकून म्हणाले, “वा आजी, इथे तर झोपच लागेल!” आणि खरोखर त्यांचा थोडा डोळा लागला. दुपारी निघताना “असं मटण मुख्यालयात कुठं मिळतंय? तुम्ही लोक सुखी आहात बघा,” असेही ते म्हणाले. आम्हांला तेव्हा फार बरे वाटले. पुढे अहवालात त्यांनी लिहिले की, रुग्णसंख्या शून्य, परिचारिका गैरहजर, इमारतीचा वापर जेवणावळींसाठी होत असून गावकरी सुदृढ व आनंदी आहेत.

५. खाल्ल्या मिठाला जागावे अशी आमची सदर अधिकाऱ्यांकडून अपेक्षा नव्हती. त्यांनी जे पाहिले तेच लिहिले. आम्ही जे दाखवले तेच त्यांनी पाहिले. दोष द्यायचा तर तो आमच्या बकऱ्याला द्यावा लागेल आणि तो आता हयात नाही. परंतु त्या अहवालावरून आपल्या सभेने तीन ठराव केले. परिचारिकेची बदली, इमारत रस्त्याच्या ठेकेदारास सिमेंट ठेवण्यासाठी देणे, आणि त्या सिमेंटवर एक राखणदार नेमणे. हे तीनही ठराव एकदाच हात वर करून मंजूर झाले. अर्जदार बस धरून मुख्यालयात आली तेव्हा खिडकीवरच्या लिपिक बाईंनी सांगितले, “आजी, हे नित्याचे विषय होते. नित्याच्या विषयाला तक्रार नसते. तक्रारीचे विषय वेगळे.” अर्जदाराने विचारले, मग बाळंतपण कोणत्या विषयात येते? त्यावर त्यांनी खिडकी लावून घेतली. जेवणाची वेळ झाली होती, हे अर्जदारास मान्य आहे.

६. आजमितीस दवाखान्यात छतापर्यंत सिमेंट रचलेले आहे. सिस्टर म्वेंदे यांनी खाट व फ्रिजसह सगळे सामान अर्जदाराच्या धान्याच्या कोठीत हलवले असून त्या रुग्णांना गोरखचिंचेखाली बाकावर तपासतात. वारा सुटला की सिमेंटची पूड जखमांवर बसते. राखणदार म्हणून नेमलेला मुसाऊ हा अर्जदाराच्या बहिणीचा मुलगा आहे आणि स्वभावाने गरीब आहे. दवाखान्याला कधी कुलूप नव्हते, आता सिमेंटला आहे आणि किल्ली मुसाऊच्या गळ्यात आहे. काविन्याला तपासण्यासाठी खोलीचा एक कोपरा मोकळा कर म्हणून सिस्टरांनी व अर्जदाराने त्याला विनवले, तेव्हा तो डोळ्यांत पाणी आणून अर्जदारास म्हणाला, “मावशी, एक पोतं हललं तर माझी नोकरी जाईल. तुम्ही माझ्याशी भांडा, मला शिव्या घाला, पण किल्ली मागू नका.” अर्जदाराने दोन्ही केले. किल्ली मिळाली नाही.

७. वरील परिस्थिती विचारात घेऊन नम्र विनंती की, दवाखान्यातील सिमेंट हलवावे व बदलीचा आदेश रद्द करावा. तो रद्द करणे शक्य नसल्यास फेरपाहणी होईपर्यंत स्थगित ठेवावा. स्थगितीही शक्य नसल्यास, परिचारिकेसाठी इमारत लागते हा आपला नियम विचारात घेऊन अर्जदाराचे स्वयंपाकघर दवाखाना म्हणून जाहीर करावे. त्याला खिडकी आहे, चूल बाहेर काढता येते, आणि अर्जदार अंगणात शिजवून खाईल. तेही नियमात बसत नसल्यास अर्जदाराने रात्रंदिवस विचार करून एक उपाय काढला आहे. क्यांगोलो येथे परिचारिकेचे पद आता मंजूर नाही, परंतु सिमेंटच्या राखणदाराचे पद मंजूर आहे. तरी सिस्टर म्वेंदे यांची त्या पदावर नेमणूक करावी. त्या सिमेंटची राखण करतील आणि मधल्या वेळात बाळंतपणे करतील. मुसाऊ पद सोडण्यास राजी आहे, त्याच्या घरीही आठवा महिना आहे. सिस्टरांना कमी पगार चालेल का असे विचारले असता त्या हसल्या. त्यांनी नाही म्हटले नाही, याची कृपया नोंद घ्यावी.

८. फेरपाहणी करावयाची असल्यास कळवून येऊ नये. आपले अधिकारी येतील तेव्हा त्यांच्यासाठी कुणी उठणार नाही. बसा म्हणणार नाही, पाणी विचारणार नाही. न्झिओका आजोबा त्यांच्या तोंडावर खोकतील. पोरे रडतील, बायका ओरडतील. ही गोष्ट लिहिताना अर्जदारास मेल्याहून मेल्यासारखे होत आहे. दारात आलेल्या माणसाला तहानलेला परत पाठवावा असे तिच्या घरात कधी झालेले नाही. परंतु आम्ही आजारी आहोत हे आपल्याला त्याशिवाय कसे पटावे, हे आम्हांला दुसऱ्या कुठल्याही प्रकारे सुचत नाही.

९. इथवर लिहून झाल्यावर आपली गाडी आली आहे. ती सिस्टरांना न्यायला आली आहे. बाळंतपणाची खाट आणि फ्रिज मागे चढवून झाले. आज सकाळी सिस्टरांनी काविन्याला तपासले. मूल पायाळू आहे आणि आज-उद्याच होईल असे त्या म्हणाल्या. टेकडीवर सुईणी आहेत, पण पायाळू मूल कुणी हातात घेणार नाही, त्यांनी हात जोडले. काविन्यालाही याच गाडीतून न्या म्हणून मी ड्रायव्हरच्या पाया पडले. तो म्हणाला, “आई, सरकारी गाडीत कर्मचारी आणि सामान, तिसरं कुणी घेतलं तर माझ्या पोटावर पाय येतो.” सिस्टर म्हणाल्या, या दिवसांत त्या रस्त्याचे धक्के देऊ नका. काविन्या तर नदीचे नाव काढले तरी खांब धरून बसते. तिला दोष कसा देऊ? मीच होते तेव्हा तिच्याबरोबर वाळूत.

सिस्टर जायला तयार नव्हत्या. “नोकरी जाऊ दे, मी थांबते,” म्हणाल्या. मीच त्यांना गाडीत बसवले. आदेश मोडला तर त्यांचा परवाना जाईल हे त्यांनीच मला एकदा सांगितले होते, आणि मग त्या कुठल्याच टेकडीवर कुणाच्याच लेकीसुनेला सोडवू शकणार नाहीत. मी बरोबर केले की चूक केले, हे आपण ठरवा. माझ्याने आता ठरवत नाही. काविन्याला अजून सांगितलेले नाही. ती आत बसून सिस्टरांची वाट पाहते आहे.

साहेब, हा अर्ज पोहोचवायला दुसरे वाहन नाही. म्हणून सिस्टरांच्याच हाती देत आहे. आपण हे वाचाल तेव्हा त्या आपल्यासमोर उभ्या असतील, म्हणजे इथे कुणी नसेल. शिक्का नंतर मारा. क्रमांक नंतर घाला. अर्ज मंजूर की नामंजूर तेही सावकाश कळवा. फक्त ड्रायव्हरला इंजिन बंद करू देऊ नका. वरच्या डोंगरात आभाळ काळे झाले आहे आणि नदीला पाणी यायच्या आत ती गाडी परत अलीकडे लागली पाहिजे.

कळावे. दारात उभी असलेली,

कासिवा किथोमे
अध्यक्ष, दवाखाना समिती, क्यांगोलो
दिनांक : ७ नोव्हेंबर, दुपार

सोबत :
१) त्या दिवशी लपवलेल्या सर्व रुग्णांचे अंगठे.
२) राखणदार मुसाऊ याचे पद सोडण्याचे संमतिपत्र.
३) सिस्टर म्वेंदे. वाचून होताच परत पाठवाव्यात.