हेडबाईंचं मळकं पांघरूण

प्रिय ठमे,

आधी नीट बस. बाळाला आईच्या हातात दे, पाठीशी उशी घे आणि मगच पुढे वाच. फोनवर सांगता आलं असतं, पण फोनवर तिसऱ्या वाक्याला आपलं वाजतं, हे तुलाही ठाऊक आहे आणि मलाही. कागदावर तुला मध्येच तोंड घालता येत नाही, हा मोठा फायदा. शिवाय तुझ्या डॉक्टरीणबाईंनी कालच मोकळीक दिली. बाळ-बाळंतीण ठणठणीत आहेत, आता काय ते सांगून टाका म्हणाल्या. तर सांगतो. गेल्या मंगळवारी तुमच्या माकडांच्या निवाऱ्यामागच्या डोंगराला वणवा लागला होता. थांब, डोळ्यांत पाणी आणू नकोस. बेचाळीसच्या बेचाळीस माकडं सुखरूप आहेत. मी स्वतः मोजली, तीनदा.

आता तू विचारशील, बाबांचा तिथे काय संबंध? बरोबर आहे. पाच महिन्यांपूर्वी मी काय बोललो होतो ते मला पाठ आहे. लेकरू होणार आहे, आता माकडांची आयागिरी पुरे, असं म्हणालो होतो. वर तुमच्या फाटकात पाय ठेवणार नाही असंही म्हणालो होतो. पण मंगळवारी सकाळी नऊला तुमच्या प्राण्यांच्या डॉक्टरांचा फोन आला, ज्यांना तू सुईवाली म्हणतेस त्यांचा. तुमचा ड्रायव्हर पाय मोडून घरी पडलेला, मोठा ट्रक दारात उभा, आणि तो चालवता येईल असं आसपास कोणी नाही. एकतीस वर्षं ट्रकमधून लोकांची कपाटं आणि पलंग वाहिलेल्या माणसाला अशा वेळी नाही कसं म्हणवेल? मी चपला घालायच्या सोडून पायात आईच्या सपाता अडकवून निघालो. ते मला तिथे पोचल्यावर कळलं.

पोचलो तर समोरच्या काचेवर राख पडत होती आणि मी वायपर लावून गाडी मागे घेत होतो. अग्निशमनवाले म्हणाले, वारा असाच राहिला तर दोन तास आहेत. माझं तर तोंडचं पाणी पळालं. बेचाळीस माकडं धरून, आवळून पिंजऱ्यांत कोंबायची म्हणजे दोन दिवसांचं काम, असं माझं गणित. पण धरलं कोणी कोणाला? तुझ्या हाताखालच्या पोरींनी वाहतुकीचे पिंजरे दाराला लावले, दारं उघडली, आणि माकडं आपापल्या पिंजऱ्यांत जाऊन बसली. शाळेची बस आल्यासारखी. दर गुरुवारी तू त्यांना उघड्या पिंजऱ्यातच जेवायला घालायचीस आणि मी घरी थट्टा करायचो, की आम्हाला हिला कधी जेवणाच्या टेबलाशी बसवता आलं नाही आणि ही माकडांना डब्यात बसवते. ती थट्टा मी गिळली बघ. पाऊण तासात तेहतीस माकडं ट्रकमध्ये चढली.

राहिली नऊ. तू जिला हेडबाई म्हणतेस ती म्हातारी माकडीण आणि तिच्या मागची आठ जणं. हेडबाई पिंजऱ्याच्या दाराशी आल्या, आत वाकून हुंगलं, नाक मुरडलं आणि सगळ्यात वरच्या फळीवर जाऊन बसल्या. त्या गेल्या नाहीत म्हणून बाकीची आठही ढिम्म हलेनात. केळी झाली, शेंगदाणे झाले, मध झाला. सुईवाली रडकुंडीला आली. बेशुद्धीची सुई मारावी तर म्हातारीचं हृदय ते सोसणार नाही, आणि ती पडलेली पाहून आठ जणं कुठे उधळतील याचा नेम नाही. तिला मागे ठेवावी तर आठही मागे राहणार. एव्हाना धूर इतका खाली आला होता की पलीकडचं कुंपण दिसेना. अग्निशमनवाल्यांचा साहेब घड्याळ दाखवत होता.

मग कळलं काय झालं होतं ते. तुमच्या माणसांना साफसफाईचं वेड, आणि ते वेड लावणारी तू. तू रजेवर गेलीस म्हणून ढिलाई नको, परत आल्यावर ताई ओरडायला नको, अशा धास्तीने सोमवारी पोरींनी हेडबाईंचा पिंजरा फिनेल घालून घासून काढला होता. आत अंथरलेलं पांघरूणही धुऊन, वाळवून, घडी घालून ठेवलेलं. म्हातारीच्या हिशेबी तो पिंजरा तिचा राहिलाच नव्हता. बिचारीला कुण्या परक्याच्या घरात जायला सांगत होतो आम्ही.

इथे मला तू आठवलीस. तीन वर्षांची असशील. तुझं ते पिवळं पांघरूण, ज्याचा वास दारातून यायचा, ते आईने एकदा धुतलं आणि तू दोन दिवस घर डोक्यावर घेतलंस. शेवटी मी माझा मळका सदरा तुला गुंडाळला, तेव्हा झोपलीस. मी पुढे झालो. म्हटलं, "धुतलेलं काही नको. तिचं सगळ्यात घाण काय आहे ते आणा." सगळ्या माझ्याकडे बघायला लागल्या, की हा सपाता घातलेला म्हातारा काय बोलतोय. पण एकीला पटलं. ती आत शिरली आणि हेडबाईंच्या झोपायच्या कोपऱ्यातलं, सोमवारी धुवायचं राहून गेलेलं, केसाळ, कुबट पांघरूण काखोटीला मारून आली. मी ते पिंजऱ्यात अंथरलं. अंथरताना फळीवरून हेडबाईंचा हात खाली आला आणि माझ्या मनगटावर दोन ओरखडे उठले. माझं असून मला विचारलं का, असं म्हणायचं असणार. मग बाई उतरल्या, आत गेल्या, पांघरूण डोक्यावरून ओढलं आणि आमच्याकडे पाठ करून बसल्या. त्यांच्या मागोमाग आठ जणं आपापल्या पिंजऱ्यांत. ठमे, मी घळाघळा रडलो. धुरामुळे म्हणून सांगितलं, कोणी विश्वास ठेवला नाही.

माझ्या जुन्या मालकांचं फर्निचरचं गोदाम रिकामं होतं, ते त्यांनी एका फोनवर उघडून दिलं. तिथे पिंजरे उतरवत होतो आणि नेमका तुझा फोन आला. मागे बेचाळीस जणांचा गोंधळ. मी म्हणालो, टीव्हीवर माकडांचा कार्यक्रम लागलाय. तर तू म्हणालीस, बाबा, आवाज वाढवा, मला ऐकू दे. मी फोन पिंजऱ्यांसमोर धरून उभा राहिलो. तू पलीकडे हसत होतीस आणि इथे सुईवाली तोंडात रुमाल कोंबून हसत होती. आयुष्यातलं माझं सगळ्यात चांगलं खोटं ते. संध्याकाळी वारा फिरला. चाऱ्याची खोली आणि मागची दोन झाडं गेली, बाकी निवारा शाबूत आहे. रविवारी सगळे घरी परतलो. होय, परतलो. मी इथे निवाऱ्यातच आहे, तुझ्या खोलीतल्या खाटेवर झोपतो, आणि सकाळी फळं चिरतो. तुकडे मोठे होतात म्हणून रोज बोलणी खातो.

तू मात्र म्हणत असशील की नात झाली तरी बाबांचा रुसवा गेला नाही, बघायलासुद्धा आले नाहीत. वेडे, त्या दोन ओरखड्यांमुळे माझ्या रक्ताची तपासणी होतेय आणि निकाल येईस्तोवर तान्ह्या बाळापाशी फिरकायचं नाही, हा तुमचाच नियम. नातीचा फोटो मी इथे प्रत्येकाला दोनदा दाखवलाय. हे सगळं मी भेटल्यावरच सांगणार होतो, निवांत, रंगवून. पण काल रात्री जावयांचा फोन झाला. तू राजीनामा लिहायला घेतला आहेस म्हणाले, आणि कारण विचारलं तर म्हणालीस, बाबांचं बरोबर होतं. म्हणून तातडीने हे पत्र, आणि ते घेऊन येणाऱ्या पोरीला मी बजावलंय की तुझ्या हातातच द्यायचं. बाबांचं चुकलं होतं. साफ चुकलं होतं. तू काय काम करतेस हे मला मंगळवारपर्यंत माहीत नव्हतं आणि माहिती नसताना मी तोंड चालवलं, याची मला लाज वाटते. रजा हवी तेवढी घे. मग कामावर ये आणि तुझ्या लेकीला सकाळी माझ्याकडे सोड. तिचं पांघरूण मी कोणाला धुऊ देणार नाही. तो कागद फाड, ठमे.

तुझाच,
चुकलेला बाबा