बाईच्या डोक्याला वस्तरा

आबा, काल दुकानात एक कॉलेजची पोरगी आली, खुर्चीत बसली आणि म्हणाली, "काका, सगळे काढा. टक्कलच करा." मी तिला विचारलं, मर्जीने ना? ती खो खो हसली. मी पुन्हा विचारलं, तेव्हा मात्र ती वैतागली. आता तिला काय सांगू, की हे विचारायला मी तुमच्याकडून शिकलो आणि फार उशिरा शिकलो.

तुम्हाला तो साड्यांचा कॅटलॉग आठवत असेल. नव्वदची सालं, मी नुकताच शहरातल्या पार्लरमध्ये मेकअप-केस शिकून आलेलो, आणि डिंडोली वस्तीतलं तुमचं पत्र्याचं दुकान मला लाजिरवाणं वाटायला लागलेलं. लूमवरून सुटलेली आपली खानदेशी माणसं केसांत रुई घेऊन यायची, ती तुम्ही फुंकर मारून उडवायचात, आणि मी नाक मुरडायचो. अशात एका कापडवाल्या शेठच्या मुलाने मला बोलावलं. पदर घेऊन हसणाऱ्या बाया त्याला नको होत्या, त्याला बंड पाहिजे होतं. मग काय, मी हवेतच! आईच्या ओट्याशी बसून मी सगळं ठरवलं. साडी पँटवरून धोतरासारखी गुंडाळायची, पायात पोलिसी बूट, गळ्यात सुताच्या रिकाम्या बॉबिनांची माळ, काजळ गालापर्यंत ओघळलेलं, ओठ कोरडे. आणि डोकं साफ भादरलेलं. शेठच्या मुलाने टाळीच दिली. आई तवा उतरवत म्हणाली, "कोनं सुतक शे रे हाई?" मी तिच्यावर खेकसलो.

माझा हात कात्रीचा, वस्तऱ्याचा नाही. म्हणून तुमच्याकडे आलो. तुम्ही तुरटी घासत होतात. मान वर न करता म्हणालात, "बाईमाणूसना डोकाले आपला घरमा वस्तरा लागत नही, भाऊ." मग पहिल्यांदाच ती गोष्ट सांगितलीत. गावात एका पोरसवदा विधवेचं डोकं करायला आजोबांना बोलावलं होतं, पाण्याची वाटी तुम्ही धरली होती. पोर ओरडत होती आणि चौघांनी तिला दाबून धरलं होतं. आजोबा घरी आले ते जेवले नाहीत. तो वस्तरा त्यांनी नदीत टाकला आणि तुम्हाला शपथ घातली. मी ऐकलं आणि म्हणालो, "आबा, तो जुलूम होता. ही फोटोतली पोरगी स्वतःहून करतेय. हे तर उलट बंड आहे!" किती हुशार वाटलो मी मला. तुम्ही तुरटी पुसून ठेवलीत. "तिना तोंडथीन आयकसू, मंगच," म्हणालात.

पोरगी आपल्या मागच्या गल्लीतली, जरीकाम करणारी. फोटोत येण्याची तिला केवढी हौस! पण रिक्षात माझ्या शेजारी बसून ती हळूच म्हणाली, "दादा, बाकी काहीपण लावा, केस राहू द्या ना. आई घरात घेणार नाही." मी म्हणालो, "मग राहू दे, दुसरी बघतो." ती रडवेली झाली. मग मीच तिला पढवलं, की आबा विचारतील, तर हसून हो म्हणायचं.

बंद पडलेल्या लूमच्या खात्याच्या शेडमध्ये, भिंतीला आरसा टेकवून, तुम्ही तिला विचारलंत, "पोरी, तुनी मर्जी शे ना?" ती हसली. "हो काका, माझीच." तुम्ही पुन्हा विचारलंत, ती पुन्हा हसली. मग तुम्ही बाळाचं जावळ काढावं तसे तिचे केस साबणाच्या पाण्याने भिजवलेत. कपाळावरची पहिली पट्टी निघाली आणि तिच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागलं. तुमचा हात थांबला. तुम्ही आरशातून माझ्याकडे बघितलंत. मग हात पुन्हा चालू लागला.

काजळ मला ओघळवावंच लागलं नाही, आबा. शेठचा मुलगा म्हणाला, "बस, आवुं ज जोईतुं हतुं!" हेच पाहिजे होतं म्हणे. फोटोची वाहवा झाली, मला कामं मिळाली. पोरगी महिनोन्महिने डोक्याला फडकं बांधून फिरली. तिची आई माझ्याकडे बघून थुंकायची, तेही मी विसरलो.

तुम्ही शिव्या घातल्या असत्यात तर बरं झालं असतं. रविवारी तुम्ही माझी दाढी करायचात आणि मी तुमची, ते बंद झालं. हात थरथरत असतानाही तुम्ही एकटेच आरसा घेऊन बसायचात, हनुवटी कापून घ्यायचात, तुरटी लावायचात. मी जवळ आलो की म्हणायचात, "ऱ्हाऊ दे." तुम्ही गेलात तेव्हा तुमच्या नावाने माझं डोकं भादरलं. मला कोणी मर्जी विचारली नाही, आणि मला ते योग्यच वाटलं.

ती रडली तेव्हा तिची मर्जी नाही हे तुम्हाला कळलं असेल, असं मी इतकी वर्षं स्वतःला सांगत आलो. म्हणजे दोष थोडा तुमच्याकडेही जातो. हा कागद मी कुणाला पाठवणार, म्हणून खरं लिहितो. आरशातून बघत तुम्ही मला विचारलं होतंत, नुसत्या भुवईने. एकच पट्टी गेली होती, पदराने सहज झाकली असती. तुमचा हात आपोआप नाही चालू लागला, आबा. मी म्हणालो होतो, "साबण गेला असेल डोळ्यांत. आटपा, उजेड चाललाय."