ब्रिनहेलिगची जागा

लानवेलिन, वेल्स
२० फेब्रुवारी १९७८

चि. ओस्वाल्दो यास अ. आ.

सुखरूप पोचले, पण चैन नाही. आपल्या पॅटागोनियाच्या वाऱ्यात वाढलेल्या बाईनं हा चिकट पाऊस बघत किती बसायचं? सारखी आत-बाहेर करते. माझं वेल्श ऐकून घरमालकीणबाईंना म्हणे त्यांची आजी आठवते.

इलायस आजोबांच्या आईचं थडगं सापडलं. चॅपेलमागे, मार्गेड जोन्स. दगडावर चार मुलांची नावं आहेत, आजोबांचं कुठंच नाही. न सांगता पॅटागोनियाच्या जहाजावर चढलेलं पोर तिनं गाळलं, दुसरं काय! तिनं त्यांना माफ केलं का, एवढंच विचारायला बाबांनी मला इथं पाठवलं. हे उत्तर त्यांना कळू देऊ नकोस.

लोभ असू दे, आणि तोंड मिटलेलं.
नेस्टताई

गायमान, चुबुत, अर्जेंटिना
६ मार्च

ती. नेस्टताईस सा. न.

तुझं पत्र आलं की अंगणात मोठ्यानं वाचायचं, ही बाबांची शिस्त तुला ठाऊक आहे. जीभ आवरायला मला उशीर झाला. त्यांच्या हातातला मातेचा चहा तसाच गार झाला.

तेव्हापासून धड जेवत नाहीत. काठी विसरून कालव्याच्या कडेनं फेऱ्या मारतात. डॉक्टर म्हणतात, वय झालं. मला भीती वाटते, ताई. काहीतरी चांगलं शोध. खोटं असलं तरी चालेल.

राग ओसरला की लोभ धाड.
ओस्वाल्दो

लानवेलिन
२० मार्च

चि. ओस्वाल्दो यास अ. आ.

खोटं शोधावं लागलं नाही. काल फुलांचा रविवार होता. ईस्टरआधीच्या या रविवारी इथं घरोघरची माणसं आपापली थडगी घासून फुलं ठेवतात. मीही पणजीला मनात चार शब्द सुनावत दगड घासून लख्ख केला. तेवढ्यात एक कुटुंब बादली घेऊन आलं. थडगं त्यांचं होतं!

त्यांच्यातल्या म्हाताऱ्या ओल्वेनबाई हसत सुटल्या. निम्मं गाव जोन्स, इथं आडनावानं कुणी माणूस शोधतं का, घराचं नाव सांग, म्हणाल्या. मला कुठलं घर ठाऊक असायला? आमच्या शेताला आजोबा ब्रिनहेलिग म्हणत, एवढंच सांगितलं. बाईंचं हसू थांबलं. हाताला धरून त्यांनी मला कुंपणाच्या भिंतीजवळच्या दुसऱ्या थडग्याकडे नेलं.

दगडावर मार्गेड जोन्स, आणि खाली घराचं नाव, ब्रिनहेलिग. जवळची सगळी मुलं तिच्याआधी गेली, कुणी खाणीत, कुणी खोकल्यानं. त्यांची नावं तिनंच वयाच्या क्रमानं कोरून घेतली. थोरला डेव्हिड आणि धाकटी अ‍ॅन यांच्यामध्ये एका नावाची जागा मोकळी आहे. दगड घडवणारे ओल्वेनबाईंचे आजोबा. असं बरं दिसत नाही म्हणून ते भांडले, पण ती हटली नाही. इलायस येऊन इथंच निजणार, त्याची जागा धर, म्हणाली. तिचं इथं कुणी उरलं नाही म्हणून ओल्वेनबाईंचं घर दरवर्षी तिथं फुलं ठेवत आलंय. ओस्वाल्दो, मी दगडाला टेकून रडले रे.

पाथरवट तयार आहे. आजोबांचं नाव कोरून घेऊ? बाबांना विचार.

लोभ आहेच, उत्तर लवकर हवं.
नेस्टताई

गायमान
५ एप्रिल

ती. नेस्टताईस सा. न.

या वेळी पत्र आधी स्वतः वाचलं, मग अंगणात गेलो. बाबांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. दोनदा वाचायला लावलं. मग काळा केक मागितला, तोही मोठा तुकडा.

कोरायचं विचारलं, तर टोपी पुन्हा डोक्यावर चढवली. मग म्हणाले, "नको कोरू म्हणावं. पोरगं वाटेत आहे, असंच वाटू दे तिला."

तूही आता वाटेला लाग. लोभ सगळा घेऊन ये.
ओस्वाल्दो