डावी बाही

प्रिय बाबा,

समोर बसून सांगणार होते, पण मी बोलायला लागले की तुम्ही गळ्यातला टेप काढून गिऱ्हाइकाची छाती मोजायला लागता. म्हणून लिहिते. कालपासून आत्याकडे आहे, अर्जासाठी शिवलेला कोटही इथेच आणला आहे. तिचं मशीन चालतं बरं, फक्त सारखं कुरकुरतं, अगदी तिच्यासारखं. हे तिला सांगू नका.

कॉलेजचा अर्ज तर गेलाच. वाटल्यास स्वतः शिवलेला एक कपडा सोबत पाठवावा, सक्ती नाही, असं त्यांनी लिहिलंय. दुकानात सगळे म्हणाले, सक्ती नाही तर नसती उठाठेव कशाला? पण बाबा, माझे मार्क तुम्हाला ठाऊक आहेत. त्यांच्या जोरावर मला शिवणकामाच्या कॉलेजात कुणी दारातही उभं करणार नाही. माझ्या बाजूने बोलेल तर तो कोटच.

काल पार्सल बांधताना मी कोट उलटा करून बघितला. टीप संपवताना शिवण पक्की व्हावी म्हणून तुम्ही मशीन तीनदा मागे घेता, मी दोनदाच घेते, म्हणून तर मला घाईबाई म्हणता. डाव्या बाहीला तीनदा घेतलेलं होतं. माझी बाही उसवून तुम्ही नव्याने बसवलीत, वर इस्त्रीही केलीत. इतकी सुरेख बसली होती की मला रडू आलं आणि रागही आला. तुमच्या मनात वाईट नव्हतं, कळतं मला. वाकडं काम दुकानाबाहेर जाऊ द्यायचं नाही हा तुमचा नेमच आहे. शाळेतला माझा रुमालही तुम्ही असाच गुपचूप सरळ केला होतात आणि मला पहिला नंबर मिळाला. ते बक्षीस मला अजून बघवत नाही.

आज सकाळी मी ती बाही उसवली. तुमची टीप उसवायला हात धजत नव्हता, पण उसवली. मग तीनदा बसवून बघितली. अजूनही बोटभर पुढे झुकते.

आता खरं कारण. कपड्यासोबत पालकाच्या सहीचा कागद लागतो: हे काम पूर्णपणे माझ्या मुलीचं आहे. त्यावर तुम्ही पापणीही न लवू देता सही करून दिली होतीत. तो कागद मी फाडला. हे पत्र घेऊन आलेल्या आत्याच्या पिशवीत कोट आहे आणि नवा कागद आहे. आधी बाही बघा. उजेडात धरा, हवं तेवढं नाक मुरडा, पण सुईला हात लावू नका. मग सही करा. लाज वाटली तर करू नका, अर्ज कोटाशिवायच राहू दे. नाही मिळाला प्रवेश, तर पुढच्या वर्षी मी पुन्हा शिवेन, पुन्हा तुमच्यापुढे कागद ठेवेन. पण बाबा, एकदा तरी माझ्या कामाखाली सही करा.

तुमचीच,
घाईबाई