मागच्या खोलीतला राउटर

लिहून ठेवणार मी, शिवणक्लासवाली बाई. गल्लीत मला याच नावाने ओळखतात. वय पंच्याहत्तरच्या पुढे, धंदा शिवणकाम, सध्या खुब्याचं हाड मोडून अंथरुणावर. डोकं ठिकाणावर असताना, कोणाच्या दटावणीला न भिता आणि कोणाच्या लाडीगोडीला न भुलता हे मृत्युपत्र करते आहे. डोकं ठिकाणावर आहे की नाही ते डॉक्टरीणबाईंनी तपासलं. त्यांनी मला आजचा वार विचारला. मी वार सांगितला, आणि त्यांच्या ब्लाउजची डावी बाही उलटी बसली आहे तेही सांगितलं. त्यांनी लगेच दाखला दिला.

वकीलसाहेबांनी आणलेला मसुदा मी परत पाठवला. त्यात "माझे आज्ञाधारक व प्रिय पुत्र" असं होतं. मरताना तरी माणसाने खोटं लिहू नये.

कलम एक. हे राहतं घर माझ्या स्वकष्टाचं आहे. वर थोरला राहतो, पुढच्या खोल्यांत धाकटा, मागच्या खोलीत मी आणि आमच्या वन्सं, म्हणजे माझ्या यजमानांची बहीण. माझ्या पश्चात घर दोन्ही मुलांना निम्मं निम्मं. पण कलम चार आणि पाच वाचून मगच उड्या माराव्यात.

कलम दोन. शिवणयंत्र क्लासमधल्या सगळ्यात हट्टी मुलीला द्यावं. ती कोण ते क्लासमध्ये कोणालाही विचारा. मोठी कात्री धाकट्या सुनेच्या हाती लागू देऊ नये. तिने त्या कात्रीने दुधाची पिशवी कापली आहे.

कलम तीन. बँकेत जे असेल त्यातून माझा शेवटचा खर्च भागवावा. उरेल ते मुलांनी भांडून घ्यावं, तेवढाच दोघांना व्यायाम.

कलम चार. राउटर. इंटरनेटचा हा पांढरा डबा, दोन शिंगांसकट, माझ्या नावावर आहे. आमच्या भिंती जाड, मोबाइलला घरात धड रेंज नाही, म्हणून तो घेतला. वायरवाला बसवायला आला तेव्हा माझे सुपुत्र जिन्यात उभे राहून भांडत होते. थोरला म्हणाला, "वर लाव, मला ऑफिसचं काम असतं." त्याचं ऑफिसचं काम म्हणजे दुसऱ्यांनी खेळलेलं क्रिकेट बघणं. धाकटा म्हणाला, "आई, हॉलमध्ये टीव्हीशेजारी लावू, शोभून दिसेल." याला शोभेची पडलेली!

तेव्हा माझे यजमान मागच्या खोलीत पडून होते. अर्धांगवायूने उजवी बाजू गेलेली, बोलणं अडखळत. मुलं दारातून डोकं आत घालायची, "बाबा, बरं आहे ना?" म्हणायची आणि ह्यांची जीभ वळायच्या आत पसार व्हायची. सुनांना औषधांचा वास सोसत नसे. काय पण नाजूक नाकं! नातवंडांना तर ती खोली दाखवून द्यावी लागली असती.

मी वायरवाल्याला म्हटलं, "मागच्या खोलीत लावा. पलंगाच्या डोक्यावर."

"अहो काकू, हा घराच्या मधोमध, मोकळ्या जागी लावायचा असतो. तिथे लोखंडी कपाट आहे, भिंती ह्या अशा. खोलीबाहेर रेंजच जाणार नाही."

"मग तिथेच लावा."

"नंतर तक्रार करू नका हं."

"मी नाही करणार. जे करतील त्यांचं मी बघून घेते."

दुसऱ्या दिवसापासून खोलीत पाय ठेवायला जागा राहिली नाही. थोरला पायथ्याशी, धाकटा पलंगाला पाठ टेकून जमिनीवर, सुना खिडकीत, पोरं जिथे मावतील तिथे. औषधांचा वास कुठे गेला कोण जाणे. सगळ्यांच्या माना खाली, अंगठे चालू. ह्यांच्याशी कोणी अक्षर बोलत नव्हतं, तरी ह्यांचा चेहरा उजळला. संध्याकाळ झाली की दाढी करून मागायचे, सदरा बदलून मागायचे. "आज... सगळे... आले," एवढं जुळवायला त्यांना घाम फुटायचा, पण रोज जुळवायचे. मला फार बरं वाटायचं, ते इथे लिहून ठेवते.

ते गेले तेव्हाही खोली भरलेली होती. थोरल्याच्या कानात मोबाइलची बोंडं होती आणि त्याने त्याच वेळी कोणाच्या तरी चौकाराला टाळी वाजवली. भाऊ गेला हे वन्संनी ओळखलं. वन्संकडे बटणांचा फोन. त्यात इंटरनेट येत नाही, आवाजच जेमतेम येतो. त्या गर्दीत त्या एकट्याच ह्यांच्यासाठी बसल्या होत्या.

ह्यांचे कपडेही आवरून झाले नव्हते तोवर डबा हॉलमध्ये गेला, आणि वर थोरल्याने रेंज वाढवणारं आणखी एक खोकं लावलं. आता त्याच पलंगावर मी आहे. दोघं दारातून डोकं आत घालतात, "आई, बरं आहे ना?" नवीन वाक्यसुद्धा सुचत नाही मेल्यांना. परवा मला झोप लागली असं समजून दारातच ठरवत होते, इथे व्यायामाचं यंत्र ठेवायचं. धाकट्याने विचारलं, "आणि आत्याचं काय?" थोरला म्हणाला, "बघू कुठेतरी. असतात की आश्रम." माझे डोळे मिटलेले होते, कान नाही.

कलम पाच. वन्सं. मला त्या आवडत नाहीत. हे कलम वाचून कोणी भलता समज करून घेऊ नये. मी लग्न होऊन आले त्याच आठवड्यात त्यांनी माझं शिवण हातात घेऊन "वहिनी, टीप वाकडी गेलीय गं तुझी" असं चारचौघांत म्हटलं. तेव्हापासून मी शिवलेला एकही ब्लाउज त्यांनी नाव न ठेवता घातला नाही. घातले मात्र सगळे माझेच. हल्ली रोज माझी उशी नीट करतात आणि ती हमखास वाकडी करतात. मी ओरडते, त्या माझ्यावर ओरडतात, "मरायला टेकलीस तरी तोंड काही बंद होत नाही तुझं!" या घरात माझ्याशी एवढं बोलणारं दुसरं कोणी नाही.

सबब, मागची खोली वन्संना त्यांच्या हयातीपर्यंत. त्यांना तिथून कोणी हलवू नये आणि व्यायाम रस्त्यावर करावा. राउटर परत पलंगाच्या डोक्यावर लावावा, कनेक्शन वन्संच्या नावावर करावं, थोरल्याचं खोकं भंगारात द्यावं. दोघांपैकी ज्याने दुसरं कनेक्शन घेतलं, नवं खोकं आणलं किंवा शेजाऱ्यांकडून वायर ओढली, त्याचा घरातला हिस्सा वन्संना जाईल. लक्ष ठेवायला माणूस नेमलेला नाही. एकाने आणलं तर दुसरा धावत जाऊन वकिलांना सांगेल, एवढं मी माझ्या पोरांना ओळखते.

माझा मोबाइल आणि पासवर्ड वन्संना. पासवर्ड कसा बदलायचा ते मी त्यांना शिकवलं आहे; शिकवताना आम्ही एकमेकींचा जीव खाल्ला. पोरांनी हुशारी करून तो परस्पर बदललाच, तर डब्याच्या पाठीला बारीक भोक आहे. माझ्या सुईदोऱ्याच्या डब्यातली सुई त्यात घालायची आणि दिवे विझेपर्यंत दाबून धरायची. सगळं पुसलं जातं, आणि मग डब्याच्या तळाला चिकटवलेला मूळ पासवर्ड चालतो. ती चिकटपट्टी मी हिंडतीफिरती असतानाच उचकटून एका ठिकाणी शिवून ठेवली आहे. कुठे, ते वन्संना माहीत आहे. टीप सरळ आहे.

कलम सहा. हे फक्त वन्संना, बाकीच्यांनी ऐकलं तरी हरकत नाही. वन्सं, पोरं येतील. तुमच्यासाठी नाही, डब्यासाठी येतील. तुम्ही मनाला लावून घ्याल, "नकोत मला असली माणसं" म्हणाल आणि रागाच्या भरात बटण बंद कराल. मी ओळखून आहे तुम्हाला. म्हणून एक गोष्ट सांगते.

तुम्ही देवळात गेला होतात त्या संध्याकाळी डब्याचा दिवा लाल झाला. नेट गेलं आणि बघता बघता खोली रिकामी झाली. आता ह्यांना कळणार, या भीतीने मी उगाच पांघरूण सारखं करत बसले. हे माझ्याकडे बघत होते. मग त्यांनी चांगला हात उचलला, डोक्यावरच्या डब्याकडे बोट केलं आणि म्हणाले, "बंद करून... परत लाव. येतील."

तुमचा भाऊ भोळा नव्हता, वन्सं. दिवा लाल झाला की बंद करून परत लावा.

वर लिहिलेलं मला वाचून दाखवलं, ते माझंच आहे.

ठिकाण: मागची खोली.
दिनांक: सात तारीख, रविवार, दोन्ही मुलं घरात, आपापल्या खोलीत.

सही: शिवणक्लासवाली

साक्षीदार पहिली: डॉक्टरीणबाई. (बाही उसवून नीट करून घेतली आहे.)
साक्षीदार दुसरा: वायरवाला. (पलंगाच्या डोक्यावरचा, डबा टांगायचा खिळा अजून शाबूत असल्याचं पाहिलं.)