न चाखता मोजलेली गोडी

आई, काल माझ्या नवऱ्याची आत्या घरी आली होती आणि तिने पुन्हा एकदा तुझं उदाहरण दिलं. तिने तुला कधी पाहिलेलं नाही. तू गेलीस तेव्हा मी डिप्लोमाला होते, लग्न फार दूर होतं. पण पुढे स्थळ म्हणून ही माणसं आली, तेव्हा तुझी गोष्ट त्यांच्यापर्यंत आधीच पोहोचलेली होती. मुलगा गेला म्हणून जिने त्याची आवडती द्राक्षं सोडली ती बाई. द्राक्षाच्या गावात राहून, स्वतःची बाग असून, मरेपर्यंत एक मणी तोंडात टाकला नाही. अशा आईची मुलगी म्हणून मला पसंत केलं, असं सासूबाईंनी नंतर सांगितलं. त्यांनाही मी आईच म्हणते. इथे सासूबाई लिहिते, म्हणजे गोंधळ नको.

दादा गेला तेव्हा मी तुझ्या पोटात होते. तो मला माहीत आहे तो घरात न येणाऱ्या एका फळामुळे. बागेत तू सगळ्यांच्या बरोबरीने राबायचीस, घडांची विरळणी करायचीस, पॅकिंगच्या वेळी क्रेट उचलायचीस, फक्त चाखायची नाहीस. माल काढण्याआधी गोडी भरली का, हे बाबा, गडी, व्यापारी सगळे मणी तोंडात टाकून ठरवत. तुला ते करायचं नव्हतं म्हणून तू रिफ्रॅक्टोमीटर शिकलीस. वीतभर नळी. तिच्या काचेवर रसाचा एक थेंब टाकायचा, झाकण लावायचं, उजेडाकडे धरून डोळा लावायचा आणि निळा भाग जिथे पांढऱ्याला मिळतो तो आकडा वाचायचा. "अठरा," तू सांगायचीस. बाबा मणी चावत म्हणायचे, "हां, अठराच." मी पाहिलेलं ते पहिलं मोजमापाचं उपकरण. आज मी कारखान्यांचे प्रेशर गेज तपासून देते, त्याची सुरुवात तिथे झाली. हे मी नाकारत नाही.

पण त्याच घरातला दुसरा एक दिवसही मला आठवतो. शेडमध्ये पॅकिंग चाललं आहे. मी फ्रॉकच्या ओच्यात मणी घेऊन स्वयंपाकघरात येते. तू भाकरी थापते आहेस. मला वाटतं, हात पिठात आहेत म्हणून तू खात नाहीस, कुणी भरवलं तर खाशील. मी एक मणी तुझ्या ओठांना लावते. तू ओठ घट्ट मिटतेस. मग माझं मनगट धरून मला मोरीपाशी नेतेस, ओचा झटकतेस, माझे हात साबणाने धुतेस. "माझं सोडलेलं आहे," तू म्हणतेस. "तू खा ना. मी कुठे नाही म्हणते? पण इथे नको." त्यानंतर मी द्राक्षं कायम शेडमध्येच खाल्ली, बायकांच्या घोळक्यात, उभ्याने. त्यातली एक हसून म्हणायची, "खा बाई पटपट, तुझी माय येईल." कुणी मनाई केली नव्हती. तरी ते चोरून खाणंच होतं.

माझी मुलगी लॉकडाऊनच्या आधीच्या थंडीत गेली. अडीच वर्षांची होती. आजार होता, उपचार झाले, उपयोग झाला नाही. याहून जास्त मला लिहायचं नाही. त्यानंतर घरात माणसांची रीघ लागली. अजून वय आहे तुझं, दुसरं होईल, देवाला आवडली. मी चहा करत राहिले, कारण चहा करताना पाठ फिरवता येते. मग सगळं बंद झालं आणि कुणाला येता येईना. हे पहिलं सुख. सुख हा शब्द मी विचार करून लिहिते आहे. नाशिक रोडला आमच्या इमारतीखालचा रस्ता दिवसभर गजबजलेला असतो, तो इतका शांत झाला की पलीकडच्या इमारतीतल्या कुकरची शिट्टी ऐकू यायची. मी बिघडलेला मिक्सर उघडून दुरुस्त केला. दुपारी गॅलरीत सतरंजी टाकून झोपले. सकाळच्या उन्हात आल्याचा चहा, माझा एक कप, सासूबाईंचा एक. घरात आम्ही दोघीच असायचो. नवरा एकलहऱ्याच्या वीजकेंद्रात नोकरीला, त्याला कामावर जावंच लागे, आणि घरी आला की तो बाहेरच्या खोलीत वेगळा राही. बाहेर माणसं मरत होती, डोक्यावर बोचकी घेऊन हायवेने चालत निघाली होती, हे मला माहीत होतं. तरी त्या चहाने मला बरं वाटायचं. मी त्याची माफी तेव्हा मागितली नाही आणि आताही मागणार नाही.

अशाच एका दिवशी पोळ्या उरल्या. मी त्या कुस्करायला घेतल्या आणि गुळाचा डबा काढला. शिळ्या पोळीचा लाडू माझ्या मुलीला सगळ्यात आवडायचा. दोन्ही हातांनी धरून खायची, तूप कोपरापर्यंत यायचं, आणि पुसायला गेलं की हात मागे लपवायची.

सासूबाई दारात उभ्या राहिल्या. "काय करतेस?"

"लाडू."

"अगं, तिचं होतं ते. आता ते आपण सोडायचं. तुझ्या आईनं नाही का द्राक्षं सोडली, जन्मभर? आईचं काळीज असं असतं."

"माझ्या आईने सोडली, आणि मी घर सोडेपर्यंत शेडमध्ये उभ्याने खात होते."

"म्हणून तू जिभेचे लाड करणार? मूल गेलंय तुझं."

"माझंच गेलंय," मी म्हणाले. "म्हणून मीच करतेय."

त्या आपल्या खोलीत गेल्या. दार आपटलं नाही, नुसतं लोटलं. मी गूळ किसला, तूप गरम केलं, लाडू वळले आणि दोन खाल्ले. चांगले झाले होते. डोळ्यांत पाणी वगैरे आलं नाही.

आमच्या कामात एक मास्टर गेज असतो. बाकीचे सगळे त्याच्याशी ताडून बघायचे. पण तो मास्टरही अधूनमधून वरच्या प्रयोगशाळेत पाठवून तपासून आणावा लागतो, नाहीतर त्याच्या भरवशावर तपासलेलं सगळंच चुकीचं. आई, या लोकांनी तुला मास्टर गेज करून ठेवलं आहे आणि तुला कधी कुणी तपासलेलं नाही. द्राक्षं सोडून दादा तुला जास्त सापडला, की घर तेवढं कमी झालं, हे तुला कुणीच विचारलं नाही. मीही नाही. मला माझी मुलगी या घरात एका बंद डब्यासारखी नको होती. तिला जे आवडायचं ते या ओट्यावर होत राहील आणि जो येईल त्याला बसून खायला मिळेल, हे मी त्या दुपारी ठरवलं. पुढे या घरात दुसरं मूल येवो न येवो, कुणाला काही उभ्याने खावं लागणार नाही.

पोळ्या उरल्या की मी लाडू करत राहिले. बशी दर वेळी सासूबाईंसमोर धरायचे. "मला नको," त्या म्हणायच्या. मी आग्रह केला नाही. त्यांचं सोडणं त्यांचं. बरेच आठवडे असे गेले. मग एकदा मी ओट्यापाशी उभी राहून खात होते, तेव्हा त्यांनी शेंगा सोलता सोलता पायाने पाट माझ्याकडे सरकवला आणि म्हणाल्या, "बसून खा. उभ्याने खाऊ नये." त्यांनी स्वतः आजवर एकही खाल्लेला नाही.

आणि आता कालचं. आत्या चहासोबत काहीतरी शोधत स्वयंपाकघरात आली आणि तिने डबा उघडला.

"हे काय, पोळीचे लाडू? अजून करती तू? धन्य आहे बाई. हिची आई म्हणे, द्राक्षाला हात लावला नाही मरेस्तोवर."

मी काही बोलायच्या आत सासूबाई मेथी निवडता निवडता म्हणाल्या, "ती त्यांच्या घरची रीत. आमच्याकडे होतात लाडू. घ्यायचा तर घ्या, नाहीतर डबा लावा. मुंग्या होतात."

आत्याने घेतला. तळहातावर फिरवून बघत म्हणाली, "एवढुसा? मोठा वळायला हात दुखतो का गं तुझा?" आणि तोंडात टाकून, "गूळ कमी पडलाय."

त्याचं उत्तर मी तिला दिलं नाही. हे वाचायला तू नाहीस, म्हणून तुला लिहिता येतं आहे. मला मोठा लाडू वळता येत नाही. इतक्या वर्षांत अनेकदा करून पाहिलं. मिश्रण जास्त घेते, तूप वाढवते, तरी बोटं माझ्या मुलीच्या दोन मुठींत मावेल एवढ्यावर येऊन थांबतात. जास्तीचं परत परातीत पडतं. हे मी ठरवलेलं नाही, पाळत तर अजिबात नाही. होत नाही एवढंच. आणि काल रात्रीची भांडी आवरताना पहिल्यांदा माझ्या मनात आलं की तुझंही ते सोडलेलं नसेल. तुझे ओठ मिटले, लोकांनी त्याला व्रत म्हटलं, आणि तूही मग तेच म्हणत राहिलीस, कारण ते सांगायला सोपं होतं. लाडू मी करत राहणार आहे. घरात द्राक्षं यायला हवी होती, हेही मी मागे घेत नाही. पण तसं असेल तर त्या दिवशी मोरीपाशी माझे हात धुताना तू नुसतं म्हणायचंस, मला जमत नाही गं. मी लहान होते, पण मी तुला पुन्हा भरवायला आले नसते, आणि तुझ्याजवळ बसून खाल्लं असतं.