बाभूळबेटाच्या डोहात मेंढ्या धुवू देण्याबाबत

प्रति,
मा. मुख्य अधिकारीसाहेब,
गोदावरी तेलशोध पथक,
मुक्काम : डाकबंगला, परभणी.

अर्जदार : बन्सीधर किशनराव पांगरकर, निवृत्त गिरदावर, वय ६३, राहणार पालम, जि. परभणी.
भिवराबाई भ्रतार ग्यानबा, वय अंदाजे साठ, धंदा मेंढपाळ, राहणार बाभूळबेट, हिच्या वतीने व तिच्या समक्ष.

विषय : गोदावरीच्या पात्रातील बाभूळबेटाच्या डोहात मृगापूर्वी एकशे बत्तीस मेंढ्या धुण्यास परवानगी मिळणेबाबत.

संदर्भ : आपल्या ओव्हरसीअर साहेबांनी दि. ७ मे १९५९ रोजी बाभळीस ठोकलेली नोटीस. (क्रमांक देता येत नाही. खिळा क्रमांकावरच बसला आहे.)

महोदय,

सविनय कळविण्यात येते की,

१. बाभूळबेट हे पालमपासून चार मैलांवर, नदीच्या ऐन पात्रात आहे. त्यावर मेंढपाळांची अकरा घरे, एक आड व पुष्कळ बाभळी आहेत. पावसाळ्यात बेटास चोहोबाजूंनी पाणी असते. उन्हाळ्यात पात्र कोरडे पडते व पूर्वेच्या अंगाला कमरेइतक्या पाण्याचा एक डोह तेवढा उरतो. मेंढी बुडवून धुता येईल असे पाणी या दिवसांत आसपास दुसरीकडे नाही. आडाचे पाणी माणसांना पुरत नाही, मग मेंढ्यांचे काय सांगावे.

२. हे बेट कोणत्याही तालुक्यात नाही. यात शासनाचा दोष नसून तो प्रस्तुत अर्जदाराचा आहे. फसली १३४६ साली (सन १९३६-३७, निजामी अमल) पाहणीच्या वेळी मी या भागाचा गिरदावर, म्हणजे गावोगावच्या जमिनी पाहून नोंदणारा कामदार, होतो. नदीला पाणी होते, नाव पलीकडच्या काठाला होती व मला पोहता येत नव्हते. म्हणून मी काठावर उभा राहून 'बाकी पाहणी पाणी उतरल्यावर' असा उर्दूत शेरा मारला. पाणी त्याच महिन्यात उतरले. मी मात्र गेलो नाही. तेव्हापासून उत्तर काठचे लोक बेट दक्षिणेकडचे समजतात, दक्षिण काठचे उत्तरेकडचे. सन १९४८ साली आम्ही सर्व हिंदुस्थानात सामील झालो, सन १९५६ साली मुंबई राज्यात सामील झालो. बाभूळबेट कशातही सामील झाल्याचा कागद नाही. बेटावरच्या लोकांचे त्यावाचून काही अडलेही नाही. अडले ते आपले पथक आल्यावर, आणि म्हणून हा अर्ज मी माझ्या खर्चाच्या कागदावर लिहून देत आहे.

३. मेंढ्यांची लोकर कातरण्याआधी त्या धुवाव्या लागतात. न धुता कातरल्यास लोकरीतल्या मातीने कातरीची धार जाते व घोंगडीला लोकर चालत नाही. मेंढीच्या लोकरीत जात्याच एक ओशटपणा असतो. धुताना तो सुटून पाण्यावर येतो व उन्हात त्याचा तवंग निळा, जांभळा, तांबूस असा चमकतो. मोराच्या पिसाऱ्यापेक्षा काही कमी दिसत नाही. बेटावरची पोरेसोरे तो दरसाल पाहतात. आपल्या पथकाने यंदा प्रथमच पाहिला.

४. बुधवार, दि. ६ मे रोजी भिवराबाईचा दीर रायभान याने आपल्या सत्तर मेंढ्या डोहात धुतल्या व वाळवण्यासाठी पलीकडच्या माळावर नेल्या. भिवराबाईच्या मेंढ्यांची पाळी गुरुवारची होती. गुरुवारी सकाळी तिच्याआधी ओव्हरसीअर साहेब पोहोचले. डोहावर तवंग, आणि आसपास मेंढी एकही नाही. साहेब काठावर गुडघे टेकून बसले आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी आले, असे पाहणाऱ्यांनी सांगितले आहे. माणूस मनाचा चांगला आहे. याविषयी अर्जदारांची तक्रार नाही.

५. साहेबांच्या छापील फॉर्मात तेलाच्या जागेसाठी दोन रकाने होते. पहिला, 'जमीन (जिल्हा, तालुका व गाव लिहावे)'. तालुका कोणालाच सांगता न आल्याने साहेबांनी नाइलाजाने दुसरा भरला : 'समुद्रातील क्षेत्र (लहान द्वीपराष्ट्र अथवा तत्सम)'. समुद्र आमच्यापासून अडीचशे मैलांवर असून बेटावरील एकाही माणसाने तो पाहिलेला नाही. तरी त्या रकान्याप्रमाणे पुढचे सर्व सामान आले. बुडत्याला धरायची रबरी कडी सहा आली. जहाजांना इशारा देण्याचा तांबडा कंदील आला. एक नाव पूर्णा स्टेशनापासून बैलगाडीतून आली, चार बैलांनी ती वाळूतून ओढत डोहापर्यंत नेली आणि पाण्यात सोडल्याबरोबर तिची दोन्ही टोके दोन्ही काठांना टेकली. सध्या लोक तिच्यावरून पलीकडे जातात. ही सोय झाल्याबद्दल बेटवासी आभारी आहेत.

६. त्याच रकान्याखाली 'द्वीपप्रमुखाची संमती' अशी ओळ होती. साहेबांनी विचारले, "इथला प्रमुख कोण?" पुरुषमाणसे एकमेकांना पुढे ढकलू लागली. भिवराबाई म्हणाली, "परमुख कशाला पायजे? काय लागतंय ते मला सांगा की." साहेबांनी तिचा अंगठा घेतला. लोकरीच्या ओशटपणाने अंगठा शाई धरेना. तीनदा राखेने हात धुतल्यावर ठसा उमटला. अशा रीतीने आपल्या खात्याच्या कागदोपत्री भिवराबाई ही एका राष्ट्राची प्रमुख आहे. मी तिला याची कल्पना दिली तेव्हा ती म्हणाली, "मंग परमुखाला सोताची मेंढरं धुवाया आडवायलेत कसं?" हा प्रश्न आपल्या माहितीसाठी येथे नोंदवून ठेवला आहे.

७. नोटिशीने डोहात आंघोळ करणे, मासे धरणे, जहाज नांगरणे व कोणताही प्राणी उतरवणे यांस मनाई झाली. डोहाभोवती दोर व लाल झेंड्या लागल्या आणि चौकीदार म्हणून बेटावरचाच भुजंग नेमला गेला. हा भिवराबाईचा सख्खा भाचा. नेमणुकीच्या दुसऱ्या दिवशी ती मेंढ्या घेऊन आली तेव्हा दोघांत झालेले बोलणे जबानीप्रमाणे असे :

"आत्या, मागं सर. म्या आता सरकारी माणूस हाय."

"व्हय रं. आन सकाळच्याला माझी भाकर खाल्लीस तवा कोण हुतास?"

"तवा बी सरकारीच. जेवताना डिवटी नसती."

"मंग बस, जेवायला वाढते. तवर धुवून घेते मी."

भुजंगला मोह झाला, पण त्याने कर्तव्य केले. नियमाप्रमाणे त्याने सरकारी शिट्टी फुंकली. परंतु तो लहानपणापासून हीच मेंढरे शिट्टीवर वळत आलेला आहे. शिट्टी ऐकताच एकशे बत्तीस मेंढ्या दोराखालून धावत त्याच्याभोवती गोळा झाल्या. चार झेंड्या त्यांनी खाल्ल्या. शिट्टी साहेबांनी परत घेतली आहे.

८. मी स्वतः छावणीत जाऊन साहेबांना सांगितले की हा तवंग मेंढ्यांचा आहे. साहेब हसले. भिवराबाईस म्हणाले, "आजी, मेंढीतून कधी तेल निघतं का?" ती म्हणाली, "साहेब, तुमी कवा मेंढीला हात लावून बघितलाव का?" साहेबांनी पुरावा मागितला. डोहात बंदी असल्यामुळे तिने घरचे आंघोळीचे घंगाळ अंगणात ठेवले, प्यायच्या पाण्यातून चार घागरी काढून ओतल्या व एक मेंढी त्यात उभी करून साहेबांसमोर धुतली. तवंग आला. साहेबांनी तो बराच वेळ पाहिला, वास घेतला, घंगाळ फुटपट्टीने मोजले व वहीत लिहिले, 'तेलाचे दुसरे ठिकाण. खोली सव्वा फूट.' घंगाळास लाल झेंडी लागली. त्यातले पाणी ओतून देण्यास मनाई आहे. भिवराबाईच्या घरची माणसे तेव्हापासून शेजारी आंघोळीला जातात.

९. डोहातील नमुन्याची बाटली साहेबांनी तपासणीसाठी मोठ्या शहरी धाडली होती. तिचा अहवाल आला. साहेबांनी तो आनंदाने मला वाचून दाखवला. त्यात लिहिले आहे की नमुन्यात बारीक केस आढळले असून लाखो वर्षांपूर्वी या भागात केसाळ प्राण्यांचे मोठे कळप वावरत असावेत, त्यांच्याच अवशेषांपासून हे तेल झाले असावे. यातील 'कळप' हा शब्द बरोबर आहे. 'लाखो वर्षांपूर्वी' याऐवजी 'बुधवारी' असे वाचावे.

१०. मेंढ्या धुणे थांबल्यामुळे दहा-बारा दिवसांत डोहातील तवंग आपोआप नाहीसा झाला. त्यावरून साहेबांनी, तेल खाली उतरले, असा निष्कर्ष काढला. काठावर भोक पाडण्यात आले. बारा फुटांवर काळा दगड लागून यंत्राची दोन टोके मोडली. आता सहाशे फूट जाणारे यंत्र मागविले आहे असे कळते. अर्जदारांची अडचण यातच आहे. मेंढ्या धुतल्या तर तेल दिसते, आणि तेल दिसले की मेंढ्या धुण्यास बंदी होते. न धुतल्या तर तेल नाहीसे होते, आणि नाहीसे झालेले तेल शोधण्यासाठी बंदी चालू राहते. चाळीस वर्षांच्या नोकरीत मी पुष्कळ कायदे पाहिले, पण दोन्ही दारांना बाहेरून कडी असलेला हा पहिलाच.

११. यात हसण्यासारखे नाही असे एकच आहे, ते लिहितो. आज मृगाला अकरा दिवस आहेत. रायभानच्या मेंढ्या कातरून मोकळ्या झाल्या, भिवराबाईच्या लोकरीने भरलेल्या उभ्या आहेत. धुणे एक दिवस, वाळणे तीन दिवस, कातरणी चार दिवस, असा हिशेब आहे. पाऊस आधी आला तर ती लोकर पाणी पिते व महिनाभर वाळत नाही. मग कातडीला जखमा होतात, त्यांत आळ्या पडतात. सन १९४८ च्या धामधुमीत बेट सोडून पळावे लागले व कातरणी राहिली. त्या श्रावणात तिच्या एकेचाळीस मेंढ्या मेल्या. मी तिला आकडा विचारला तेव्हा तिने आकडा सांगितला नाही, मेंढ्यांची एकेक करून नावे सांगितली, ती मी मोजली. भिवराबाईचे म्हणणे तिच्याच शब्दांत : "त्येल निघू द्या न्हाईतर सोनं निघू द्या, मला काय करायचंय. जनावर बोलत न्हाई म्हून त्येच्या अंगावर पाऊस घेऊ नका, येवढंच."

१२. तरी मेहेरबान साहेबांनी डोहात मेंढ्या धुण्याची परवानगी तातडीने द्यावी, अशी विनंती करून मी येथे सही करणार होतो. परंतु सहीपूर्वी भिवराबाई म्हणाली, "बन्सीधरराव, ती नोटीस येकदा सगळी वाचा. वरची बी आन खालची बी." मी म्हटले, खाली काय असणार, छापखान्याचे नाव असेल. ती म्हणाली, "वाचायला पैसं पडतेत का?" म्हणून आम्ही बाभळीपाशी जाऊन नोटीस शेवटपर्यंत वाचली. अगदी तळाला, बारीक अक्षरात, असे छापलेले आहे : 'हरकत असल्यास मुख्य अधिकाऱ्यांकडे लेखी अर्ज करावा. अर्जाचा निकाल लागेपर्यंत त्या जागी पूर्वापार चाललेली वहिवाट आहे तशी चालू राहील.'

बाभूळबेटाच्या डोहात वैशाख-ज्येष्ठात मेंढ्या धुण्याची वहिवाट पूर्वापार आहे. भिवराबाईच्या सासूची सासूही तेथेच धूत असे. हे कलम ओव्हरसीअर साहेबांस दाखविले असता त्यांनी ते दोनदा वाचले, टोपी काढली, पुन्हा घातली व म्हणाले, "छापलेलं आहे खरं." भुजंगला त्यांनी दोर सोडायला सांगितला आहे.

१३. सबब मूळ विनंतीत थोडा फरक करीत आहे. हा अर्ज आज पालमच्या टपालात पडेल आणि पडल्या क्षणापासून वहिवाट चालू होईल. रविवार, दि. ३१ रोजी सकाळी भिवराबाई एकशे बत्तीस मेंढ्यांसह डोहात उतरेल. सोमवारपासून डोहावर पुन्हा भरपूर तेल दिसेल, त्यामुळे आपल्या पथकासही हुरूप येईल. माझ्या अनुभवाप्रमाणे अर्ज आवक वहीत चढणे, अभिप्रायासाठी खाली येणे, अभिप्राय वर जाणे, तो अपुरा म्हणून परत येणे व तोवर साहेबांची बदली होणे, यांस दिवाळी उजाडते. दिवाळीनंतर दुसरी कातरणी असते, तेव्हा नवा अर्ज करू. आपण कार्यतत्पर अधिकारी आहात असे ऐकतो व त्याचीच आम्हांस काळजी वाटते. या अर्जाचा विचार सावकाश, सर्व बाजूंनी व नेहमीच्याच पद्धतीने व्हावा. निकाल लवकर लावण्याचा त्रास कृपा करून घेऊ नये, एवढीच हात जोडून विनंती.

उत्तराची वाट न पाहणारा,
आपला नम्र,

बन्सीधर किशनराव पांगरकर
निवृत्त गिरदावर

निशाणी अंगठा : भिवराबाई भ्र. ग्यानबा

मुक्काम बाभूळबेट
दि. २८ मे १९५९, गुरुवार

सोबत :
(१) नोटिशीची नक्कल, तळाच्या ओळीसह.
(२) न धुतलेली लोकर, एक मूठ. कृपया हाताने चोळून पाहावी.